पितळी नाक

त्या कारखान्यात जे तयार व्हायचं, ते कुणाच्याही घरी कधी पोहोचत नसे. दुकानात मिळत नसे, जाहिरातीत दिसत नसे. कच्चा माल म्हणावा तर तो नव्हे, पक्का माल म्हणावा तर तोही नव्हे; मधल्या पायरीवरचं एक पिवळसर पातळ रसायन. टँकरमधून ते बाहेर पडायचं, पुढे दुसऱ्याच कुणाच्या तरी कारखान्यात त्याचं औषध नाहीतर रंग व्हायचा, आणि नाव त्या दुसऱ्याचं व्हायचं. त्याचं खरं नाव एवढं लांबलचक होतं, की पिंपावर लिहिताना रंगारी पिंपाला वळसा घालून पुन्हा पहिल्या अक्षरापाशी येई. म्हणून कामगार त्याला नुसतं ‘मधली’ म्हणत. मधल्या सुनेसारखंच होतं तिचं. सगळं घर तिच्या जिवावर चालायचं आणि फोटोत ती कडेला.

मधलीचा स्वभाव तापट. हवा लागली की बिघडायची, पाणी लागलं की फुरफुरायची. म्हणून टाकीत तिच्या अंगावर बारा महिने नायट्रोजनचं पांघरूण. टँकर भरायचा तर आधी साचलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची क्लिप लावायची, मग होजची नळी जोडायची, मग पंप. हा क्रम चुकला तर ठिणगी पडायची शक्यता, आणि ठिणगी पडली तर कुणाचं चुकलं हे सांगायला कुणी उरायचं नाही. तिची वाफ हवेपेक्षा जड. वर उडून जाईल ही आशाच नको. जमिनीलगत सरपटत, कानाकोपऱ्यात शिरत जाणार. थोडी लागली तर डोळे चुरचुरणार, जास्त लागली तर माणूस डोकं धरून दवाखान्यात. आणि तिला एक वास होता. कडू बदाम आणि नव्या रबरी चपला एकाच पिशवीत आठवडाभर बांधून ठेवल्या तर येईल तसा.

हा वास ओळखण्याचं काम कारखान्याने एका माणसाच्या नाकावर सोपवलेलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी टँक यार्डचे सुपरवायझर कँटीनमध्ये चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला, मान जराशी वर केली आणि म्हणाले, “चार नंबरची टाकी.” लोक धावत गेले. चार नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह थेंब थेंब गळत होता. त्या दिवसापासून त्यांचं नाव गेलं आणि नाक राहिलं. सगळे त्यांना नाककाका म्हणू लागले. पगाराच्या चिठ्ठीवर खरं नाव असे, पण ते वाचून खुद्द काकांनाच क्षणभर ‘हा कोण बुवा?’ असं वाटे.

पुढे हे कागदावर आलं. कुठलंही झाकण उघडण्याआधी, पाइप सोडण्याआधी, टँकर भरण्याआधी जे परमिट भरावं लागे, त्यात शेवटी एक रकाना वाढला: ‘वास: आहे/नाही. सही.’ ती सही काकांची. त्यांनी यावं, दोन्ही हात पाठीमागे बांधावेत, डोळे मिटावेत, हवा आत ओढावी आणि ‘नाही’वर बरोबरची खूण करावी, की काम सुरू. यार्डात गॅस मोजणारे दोन जुने मीटर भिंतीवर होते. त्यातला एक बंद पडून सहा वर्षं झाली होती. दुसरा चालू होता, पण तो रंगकामाच्या वासालाही बोंब मारायचा, म्हणून कुणीतरी त्याच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला होता. नाक असताना मीटर कशाला? शिवाय मीटर दर वर्षी तपासून घ्यावा लागतो. नाक तपासून दाखवा असं माणसाला कसं म्हणणार? वाईट दिसतं ते.

आणि अशात काकांना सर्दी झाली.

साधी सर्दी. आठ दिवस शिंकले, आठ दिवस वाफारे घेतले, सर्दी गेली. जाताना मात्र भाडेकरूने पंखा काढून न्यावा तशी वास घेऊन गेली.

हे आधी काकांना कळलंच नाही. बायकोला कळलं. ती शेजारी गेली होती, काका स्वयंपाकघरात खुर्ची टाकून पेपर वाचत होते, आणि त्यांच्यापासून दोन हातांवर दूध उतू जाऊन, आटून, करपून पातेल्याचा कोळसा झाला होता. बायको जिन्यातूनच नाकाला पदर लावून आली.

“अहो! झोपलात काय?”

“जागा आहे की. पेपर वाचतोय.”

“घरात धूर झालाय!”

काकांनी मान वर केली. धूर दिसला. दिसला फक्त. त्यांनी एक खोल श्वास घेतला, मग दुसरा घेतला, आणि पेपर हळूच घडी करून मांडीवर ठेवला. बायको पातेलं नळाखाली धरून त्यांच्याकडे बघत राहिली. पातेल्यापेक्षा नवऱ्याचा चेहरा जास्त काळवंडला होता.

“काहीच येत नाही?”

“काहीच नाही.”

“मग उद्या साहेबांना सांगा.”

“सांगतो,” काका म्हणाले, आणि पुढचे बारा आठवडे त्यांनी सांगितलं नाही.

डॉक्टरने नाकात दिवा लावून पाहिलं आणि ‘येईल, कदाचित येईल’ असं सांगितलं. काकांनी त्यातलं ‘येईल’ घरी आणलं, ‘कदाचित’ तिथेच ठेवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नाककाकाचं नाक गेलं म्हटल्यावर मागे उरतं काय? नुसते काका. आणि नुसते काका प्रत्येक घरात दोन-तीन पडलेले असतात.

पण माणूस बेईमान नव्हता. सही करायची तर बिनवासाची कशी करायची, हा प्रश्न त्यांना पहिल्याच दिवशी पडला. स्टोअरमधून त्यांनी खिशात मावणारा एक गॅस मीटर घेतला. तो ओरडायचा नाही, नुसता मांडीवर थरथरायचा. तो पँटच्या खिशात. एका डब्यात साबणाचं पाणी आणि दाढीचा जुना ब्रश. सगळ्यांच्या आधी अर्धा तास यार्डात यायचं, पाइपांच्या प्रत्येक जोडावर, बोल्टने आवळलेल्या प्रत्येक फ्लँजवर साबण लावायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. आला की जोडाच्या मधलं चकतीसारखं गॅस्केट बदलून घ्यायचं. वाऱ्याची दिशा दाखवणारा काठीवरचा कापडी मोजा कुठल्या बाजूला फुगलाय ते बघायचं. मग हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून, सगळ्यांसमोर भरपूर हवा आत ओढायची. ती नुसती हवाच असे.

परिणाम असा झाला, की नाक असताना महिन्याला दोन-तीन बारीक गळत्या व्हायच्या; नाक गेल्यापासून बारा आठवड्यांत एकही झाली नाही.

मोठे साहेब खूश झाले. ही तर खरी गोची होती.

मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. माणूस उत्साही. कुठलीही गोष्ट नीट चालली की तिचा सत्कार करायची त्यांना घाई. त्यांनी सोमवारी सगळ्यांना बोलावलं.

“बारा आठवडे, शून्य गळती! हे कशामुळे?” त्यांनी विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत काकांच्या नाकाकडे बोट केलं. “शुक्रवारी तीन वाजता काकांचा सत्कार. वर्कशॉपला सांगितलंय, काकांच्या नाकाची पितळी प्रतिकृती बनवायची. आणि दुसरी बातमी, आपण जे अठरा नवे मीटर मागवणार होतो ना, ती ऑर्डर मी थांबवलीय. गरजच काय?”

मागच्या रांगेतून सेफ्टीबाई उठल्या. सेफ्टीबाई म्हणजे कारखान्याच्या नव्या सुरक्षा अधिकारी. वय तिशीच्या आत, आवाज शांत, आणि त्या मीटरांसाठी सात महिने त्यांनी सात पत्रं लिहिली होती.

“सर, नाकाला गजर नसतो.”

“काकांना आहे!” साहेब म्हणाले. लोक हसले.

“आणि एकच वास सारखा घेतला की नाक थकतं, सर. वास असतो, पण कळेनासा होतो. कुणाचंही. काकांचंही.”

“काय काका, थकलात का?”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. हीच ती वेळ होती. काकांनी तोंड उघडलं, घसा साफ केला आणि म्हणाले, “अजून तरी नाही.”

टाळ्या पडल्या. सेफ्टीबाई खाली बसल्या. काकांनाही बसावंसं वाटलं, पण ते आधीच बसलेले होते.

मंगळवारी वर्कशॉपच्या फिटरने काकांच्या चेहऱ्यावर ओलं प्लॅस्टर थापून नाकाचा साचा घेतला. “वास उग्र आहे जरा, काका, सहन करा,” असं तो दर मिनिटाला म्हणत होता, आणि काका दर मिनिटाला कळवळल्यासारखं करत होते. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, “भुवयांत पांढरं काय लागलंय?”

“सत्काराची तयारी.”

“सांगितलं नाहीत ना?”

“अगं, शुक्रवारचा सत्कार होऊ दे. सोमवारी सांगतो.”

“म्हणजे पितळी नाक घ्यायचं आणि मग सांगायचं, खरं नाही म्हणून.”

“तू असं मांडलंस की वाईट वाटतं.”

“मग चांगलं वाटेल असं तुम्ही मांडून दाखवा,” बायको म्हणाली आणि कपड्यांना इस्त्री करू लागली. काकांनी बराच वेळ मांडून पाहिलं. जमलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊला सेफ्टीबाई यार्डात आल्या. हातात यादी.

“काका, खिशातले सगळे मीटर वार्षिक तपासणीला पाठवतेय. स्टोअरच्या वहीत एक तुमच्या नावावर दिसतोय. बारा आठवड्यांपासून.”

“हो का? असेल. नव्या लोकांना दाखवायला घेतला होता.” काकांनी तो खिशातून काढून दिला. तो कोमट होता. इतके दिवस मांडीला चिकटून असलेली वस्तू जशी असते तशी.

बाईंनी मीटर हातात तोलला. “दोन दिवसांत परत येईल. तोवर अवघड काम काढू नका.”

“छे छे.”

अकरा वाजता टँकर आला.

खरं म्हणजे काकांनी तेव्हाच ‘आज नाही’ म्हणायला हवं होतं. पण ‘का नाही?’ असं कुणी विचारलं असतं तर? त्यांनी साबणाचा डबा घेतला, एकेका जोडावर दोन-दोनदा ब्रश फिरवला. बुडबुडा नाही. अर्थिंगची क्लिप स्वतः ओढून पाहिली. वाऱ्याचा मोजा गेटच्या बाजूला फुगलेला. मग हात पाठीमागे, डोळे बंद, खोल श्वास. ‘नाही’वर खूण. सही.

पंप चालवणारा गडी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं होता. सगळे त्याला पंप्या म्हणत. दोन मुलींचा बाप, मिश्या पाळलेल्या, आणि काकांवर विश्वास एवढा, की पाऊस पडेल का हेही तो काकांच्या नाकाला विचारायचा. त्याने पंप सुरू केला. मधली गुरगुरत टँकरमध्ये जाऊ लागली.

साबण जोडावर लावता येतो. फिरत्या पंपाच्या सीलवर, म्हणजे दांड्याभोवतीच्या गळती रोखणाऱ्या कड्यावर, लावता येत नाही. सील आतून फाटायला लागलं ते पंप सुरू झाल्यावर. पंपाखालच्या ट्रेमध्ये पिवळसर ओल धरू लागली, पण ती पंपाच्या पलीकडच्या अंगाला. काका अलीकडे उभे होते.

पंप्याच्या नाकात पहिला झटका गेला. त्याने काकांकडे पाहिलं. काका शांत. हात पाठीमागे, नजर टँकरच्या काट्यावर. पंप्याने मान झटकली. टँकरचा ड्रायव्हर कॅबिनमधून डोकावला, नाक चोळलं, त्यानेही काकांकडे पाहिलं आणि काच वर केली. जिन्याच्या पायथ्याशी उभा असलेला फिटर दोनदा खोकला, काकांकडे बघून गप्प झाला. यार्डात चार माणसं होती. तिघांना वास येत होता आणि ते तिघे चौथ्याचा चेहरा बघून आपल्या नाकाला खोटं पाडत होते.

शेवटी पंप्या चाचरत म्हणाला, “काका, कसलातरी वास येतोय का हो?”

“तुझ्या डोक्याच्या तेलाचा,” काका म्हणाले. बावीस वर्षांच्या सवयीने म्हणाले. पंप्या हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि विनोद काही एवढा चांगला नव्हता.

काकांनी ते पाणी पाहिलं. लाल झालेले डोळे पाहिले. मग त्यांच्या स्वतःच्याही डोळ्यांना काहीतरी चुरचुरतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. इतका वेळ त्यांना ती जागरणाची आग वाटली होती.

“बंद!” ते एवढ्या जोरात ओरडले, की त्यांचाच आवाज फाटला. त्यांनी लाल बटणावर तळहात आपटला, पंप थांबला. “सगळे बाहेर! गेटकडे नको, गेटकडे नको, वारा तिकडेच जातोय! आडवे पळा, वर्कशॉपच्या अंगाने! ड्रायव्हर, गाडी चालू करू नकोस, खाली उतर! पंप्या, खाली वाकू नकोस रे लेका, खालीच साचतंय ते!”

भोंगा झाला. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर काचेचा मुखवटा अशा अवतारात सेफ्टीबाई आणि त्यांचा एक माणूस आत गेले, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले, ट्रेमधली ओल वाळूने झाकली. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. पंप्याचे डोळे पंधरा मिनिटं नळाच्या धारेखाली धरले, मग त्याला प्रथमोपचाराच्या खोलीत आडवा केला. डोकं ठणकत होतं, बाकी ठीक होतं. डॉक्टर तपासून गेला.

मोठे साहेब धावत आले. सगळं ऐकून त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. “नाकाने वाचवलं! बघा, नाकाने पुन्हा वाचवलं! उद्या सत्काराला आता खरी रंगत.”

काकांनी हात सोडवून घेतला. ते पंप्याच्या खोलीत जाऊन त्याच्या उशापाशी बसले. पंप्याच्या डोळ्यांवर ओली पट्टी होती.

“कोण, काका?”

“हं.”

“माझंच चुकलं, काका. मला चांगला पाच मिनिटं आधी वास येत होता. पण तुमचं नाक शांत होतं. म्हटलं, आपल्याला काय कळतंय.” तो थोडा हसला. “पुढच्या वेळी मला वास आला ना, तरी मी तुमच्याकडेच बघणार. सवयच आहे.”

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच विसरले.

बाहेर व्हरांड्यात सेफ्टीबाई लिहीत बसल्या होत्या. काका समोर आले तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

“मीटर मी नऊला घेतला, काका. गळती अकरानंतर.”

“हो.”

“पंप दुरुस्त होईपर्यंत यार्ड बंद ठेवलंय, तेव्हा कुणाला धोका नाही. माझा अहवाल उद्या पाचला जातो. काय झालं ते त्यात लिहावंच लागणार. ते आधी माझ्या कागदात यावं की तुमच्या तोंडून, एवढं तुम्ही ठरवा.”

“पंप्या म्हणतो, पुढच्या वेळीही माझ्याकडेच बघणार.”

“हो,” बाई म्हणाल्या. “सगळेच बघणार. म्हणून तर मीटर मागत होते.”

त्या संध्याकाळी काका घरी जेवले नाहीत. बायकोने विचारलं नाही. सकाळी तिने इस्त्रीचा सदरा पुढे केला आणि एवढंच म्हणाली, “माणसं म्हातारी होतात तशी नाकंही होतात. त्यात लाजायचं काय? खोटं बोलायला मात्र वय लागत नाही.”

शुक्रवारी तीन वाजता कँटीनमध्ये झाडून सगळे जमले. पंप्याही आला होता, काळा चष्मा लावून, पाहुण्यासारखा. टेबलावर मखमली रुमालाखाली काहीतरी उंचवटा होता. साहेबांनी भाषण केलं. त्यात नाक हा शब्द इतक्या वेळा आला, की मागच्या बाकावरचे मोजायला लागले. मग त्यांनी रुमाल ओढला. लाकडी पाटावर बसवलेलं पितळी नाक झळकलं. फिटरने काम चोख केलं होतं. डाव्या नाकपुडीजवळची चामखीळसुद्धा होती. टाळ्यांचा कडकडाट झाला.

काका उठले. नाक दोन्ही हातांनी उचललं. जड होतं.

“हे माझ्या नाकापेक्षा चांगलं आहे,” ते म्हणाले. लोक हसले. “निदान याला वास येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.” लोक पुन्हा हसले. “मलाही येत नाही. बारा आठवडे झाले. सर्दीत गेला.”

तिसऱ्यांदा हशा आला, सगळ्यात मोठा. साहेब तर डोळे पुसत म्हणाले, “हा यांचा नम्रपणा! काल वाचवलं कुणी मग?”

“पंप्याच्या डोळ्यांनी.”

“अहो, पुरे आता काका, लाजवू नका.”

काकांनी शेवटी खरं सांगून पाहिलं होतं आणि ते कुणी घेत नव्हतं. खोटं बारा आठवडे बिनतक्रार खपलं. त्यांनी नाक खाली ठेवलं. कँटीनभर नजर फिरवली आणि ती पंप्यावर येऊन थांबली.

“पंप्या, बूट काढ.”

“काय?”

“उजवा. आणि मोजा.”

“काका, नको. आजचा दिवस नको. कालपासून तेच आहेत.”

“म्हणूनच.”

पंप्याच्या मोज्यांची कीर्ती कारखान्यात मधलीच्या खालोखाल होती. कपडे बदलण्याच्या खोलीत त्याचं कपाट शेवटचं होतं, ते उगाच नव्हे. बूट निघाला. आजूबाजूच्या दोन बाकांवरची माणसं आपोआप उठली. मोजा हातोहात पुढे येऊ शकला नाही, कारण कुणी हात लावेना. तो एका ताटावर ठेवून आणावा लागला. पहिल्या रांगेत साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

काकांनी मोजा उचलला. हात पाठीमागे बांधता येईनात म्हणून एकच बांधला. डोळे मिटले. मोजा नाकाला लावला आणि आत श्वास घेतला: एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पोटापर्यंत. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. एखादा माणूस सकाळच्या वेळी बागेत उभा असावा तसे ते उभे होते.

 मग मागून कुणीतरी घाबऱ्या आवाजात म्हणालं, “आईशप्पथ. खरंच गेलंय.”

एवढा पुरावा कुठल्या न्यायालयातही चालला असता. साहेब खाली बसले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बारा आठवड्यांतल्या सह्या एकेक करून त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात.

“मग शून्य गळती?” त्यांनी रुमालाआडून विचारलं. “ती कशी?”

काकांनी खुर्चीखाली ठेवलेला डबा काढला. साबणाचं पाणी आणि दाढीचा ब्रश. “हा. आणि खिशातला मीटर. तो काल सकाळी तपासणीला गेला. मी तेव्हाच काम थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. पंप्याचे डोळे त्यात गेले असते.” ते पंप्याकडे वळले. “तुला वास आला होता आणि तू बरोबर होतास. मी तुझ्या तेलावर विनोद केला. वाईट केला.”

पंप्या एका पायात बूट घालून उभा होता. “मी तेल लावतच नाही, काका,” तो म्हणाला. “अकरा वर्षांत तुम्हाला एवढंही कळलं नाही?”

आता कुठे लोक खरे हसले, आणि काकाही.

पुढे जे झालं ते सगळं गोड झालं असं नाही. काकांना लेखी ताकीद मिळाली, खऱ्या नावाने; ती वाचताना त्यांना पुन्हा क्षणभर ‘हा कोण बुवा?’ वाटलं. परमिटवर सही करण्याचा अधिकार गेला. तो रकानाच गेला. त्या जागी आता मीटरचा आकडा लिहावा लागतो, आणि वास आलेला कुणीही, अगदी ड्रायव्हरसुद्धा, कुणाच्याही चेहऱ्याकडे न बघता लाल बटण दाबू शकतो. अठरा मीटरांच्या ऑर्डरवर साहेबांनी त्याच संध्याकाळी सही केली, आणि पंधरा दिवसांत ते आलेही. जुन्या मीटरच्या तोंडातला बोळा सेफ्टीबाईंनी चिमट्याने काढून बाटलीत घालून ठेवला, नव्या लोकांना दाखवायला. काकांना त्यांनी दुसरं काम दिलं: रोज सकाळी साबण, ब्रश आणि गॅस्केट, आणि ते कसं करायचं ते बाकीच्यांना शिकवणं. काका शिकवताना फार कटकट करतात अशी तक्रार आहे.

राहिलं पितळी नाक. साहेबांना ते वितळवायचं होतं, कारण बघितलं की त्यांना अपचन होई. फिटरने साफ नकार दिला. चामखिळीवर त्याची अख्खी दुपार गेली होती. शेवटी ते यार्डाच्या दारावर, माणसाच्या उंचीला ठोकलं. खाली पाटी काकांनीच लिहिली: ‘हे नाक कामाचं नाही. तुमचंही पुरेसं नाही. मीटर घेऊन आत जा.’

आत जाणारा प्रत्येक जण जाता जाता त्या नाकाला बोटाने टिचकी मारतो. शेंडा चांगला चकचकीत झालाय. पंप्या दोनदा मारतो, एक स्वतःची आणि एक काकांच्या वाटची, कारण काका स्वतः मारत नाहीत. विचारलं तर म्हणतात, दुखतं.